पाय ताजे, मग दम का सरला?

प्रथम एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझी आहे, म्हणून तो थोडा सविस्तरच सांगितला पाहिजे.

आमच्या महाविद्यालयात बारावीच्या वर्गात एक मुलगा होता. ५००० मीटर धावणे हा त्याचा खेळ. पहाटे पाचला उठून तो गावाबाहेरच्या रस्त्यावर धावत असे आणि आठच्या तासाला वर्गात हजर असे. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. खेळाशी माझा संबंध एवढाच, की प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच घेऊन फेऱ्यांच्या वेळा नोंदवायला आमचे क्रीडाशिक्षक मला बोलावतात. ४०० मीटरच्या धावमार्गावर ५००० मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. सरावात हा मुलगा दर फेरीला ८४ सेकंद घेई, आणि ते इतक्या नियमितपणे, की मी त्याला गमतीने ‘आमचा लंबक’ म्हणत असे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्याची पूर्वपरीक्षेची प्रात्यक्षिके होती. आधी पदार्थविज्ञान, मग रसायनशास्त्र, शेवटी तोंडी परीक्षा. आठ वाजता आत गेलेला मुलगा साडेबाराला बाहेर आला. शर्यत चार वाजता होती. मधल्या वेळात तो जेवला, झाडाखाली आडवा झाला. पायांना आदल्या दोन दिवसांची विश्रांती मिळालेली होती. हवा थंड होती. पहिल्या पाच फेऱ्या ८४–८५ सेकंदांच्या झाल्या. सहावीला ८८ लागले, आठवीला ९२, दहावीला ९५. लंबक बिघडला.

शर्यत संपल्यावर तो मला म्हणाला, “सर, पाय दुखत नव्हते. धापही रोजच्याइतकीच लागली होती. पण सहाव्या फेरीपासून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लांब आहे असं वाटायला लागलं.” मी त्याला म्हणालो, “मनाने कच खाल्लीस, दुसरं काही नाही.” त्यानंतर कित्येक महिने तो मैदानावर फिरकला नाही.

माझे ते वाक्य किती चुकीचे होते, हे पुढे काही वाचनात आले तेव्हा मला कळले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

बोटाला बांधलेले वजन

ही गोष्ट सुरू होते इटलीतील ट्यूरिन शहरात. तेथे अँजेलो मोस्सो (१८४६–१९१०) नावाचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. थकवा मोजता आला पाहिजे, असा त्यांनी ध्यास घेतला आणि त्यासाठी एक उपकरण बनविले. त्याचे नाव अर्गोग्राफ, म्हणजे श्रमलेखक. रचना अगदी साधी, तुमच्या प्रयोगशाळेतही करता येईल अशी. हात फळीवर घट्ट बांधायचा, मधले बोट तेवढे मोकळे ठेवायचे. त्या बोटात चामड्याचे कडे, कड्याला दोरी, दोरी कप्पीवरून नेऊन टोकाला दोन-तीन किलोचे वजन. ठरावीक ठेक्यावर बोट वाकवून वजन उचलायचे आणि सोडायचे. प्रत्येक वेळी वजन किती उंच गेले याची रेघ, काजळी धरलेल्या फिरत्या पंचपात्रावर आपोआप उमटे. सुरुवातीच्या रेघा उंच, मग हळूहळू आखूड, आणि शेवटी बोट हलेनासे होई. सगळ्या उंचींची बेरीज करून तिला वजनाने गुणले, की बोटाने केलेले एकूण कार्य मिळाले. नववीच्या पुस्तकातले सूत्र, दुसरे काही नाही.

मोस्सोंनी हा प्रयोग आपल्याच सहकारी प्राध्यापकांवर केला. एकदा सकाळी, ते ताजेतवाने असताना. आणि पुन्हा, दीर्घ व्याख्यान देऊन किंवा विद्यार्थ्यांच्या तासन्‌तास तोंडी परीक्षा घेऊन ते बाहेर आल्यावर. व्याख्यानात मधल्या बोटाला काहीच श्रम पडत नाहीत. तरीही परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांचे बोट लवकर थकले! (तोंडी परीक्षेने विद्यार्थीच तेवढे दमतात अशी समजूत असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.) १८९१ साली मोस्सोंनी थकव्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे निष्कर्ष आहेत. रक्तातून काही विषारी द्रव्ये पसरून सगळे शरीर थकत असावे, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते स्पष्टीकरण आज जसेच्या तसे कोणी मानीत नाही, पण निरीक्षण टिकले. नंतर मात्र शंभराहून अधिक वर्षे खेळाच्या शास्त्राचे लक्ष हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांच्याकडेच राहिले.

दीड तास अक्षरे, दीड तास आगगाडी

२००९ साली वेल्समधील बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा प्रश्न नव्याने हाती घेतला. त्यांनी १६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावले. एका दिवशी ९० मिनिटे संगणकाच्या पडद्यासमोर बसवून एकामागून एक अक्षरे दाखविली. ठरावीक अक्षरामागून ठरावीक अक्षर आले तर एक कळ दाबायची, नाहीतर दुसरी. काम सोपे, परंतु क्षणभर लक्ष उडाले की चूक झालीच. दुसऱ्या दिवशी तीच माणसे तितकाच वेळ आगगाड्या आणि मोटारी यांवरील माहितीपट पाहत बसली. दोन्ही दिवशी त्यानंतर त्यांना स्थिर सायकल चालवायची होती. प्रत्येकाच्या कमाल शक्तीच्या ८० टक्के एवढा भार लावलेला, आणि जमेल तोवर चालवीत राहायचे.

माहितीपट पाहिलेल्या दिवशी सरासरी ७५४ सेकंद सायकल चालली. अक्षरे पाहिलेल्या दिवशी ६४०. फरक ११४ सेकंदांचा, म्हणजे सुमारे १५ टक्के.

आता खरी गंमत पाहा. हृदयाचे ठोके, श्वासातला ऑक्सिजन, रक्तातले लॅक्टेट ही सर्व मापे दोन्ही दिवशी, सारख्याच मिनिटाला, जवळजवळ सारखीच होती. चांगली कामगिरी करण्याची इच्छाही कमी झाली नव्हती. वेगळी होती ती एकच गोष्ट. “आत्ता किती कष्ट पडताहेत?” या प्रश्नाला, मेंदू थकलेल्या दिवशी, पहिल्यापासूनच मोठा आकडा मिळत होता. सहन होईल त्या मर्यादेपर्यंत हा आकडा त्या दिवशी लवकर पोहोचला आणि माणसे थांबली. माझ्या धावपटूने मला नेमके हेच सांगितले होते. पाय तेच, धाप तीच, फेरी तेवढी लांब.

कष्टाला आकडा कसा देतात, असे तुम्ही विचाराल. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी ६ पासून २० पर्यंतची मोजपट्टी केली. ६ म्हणजे मुळीच कष्ट नाहीत, २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. एकपासून सुरुवात न करता सहापासून का? कारण तरुण माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे ६० वेळा आणि अगदी कमाल श्रमात सुमारे २०० वेळा धडधडते. आकड्याला दहाने गुणले की ठोक्यांचा ढोबळ अंदाज यावा, अशी ही योजना होती.

इंधन संपते काय?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मेंदूने विचार करून साखर संपविली, मग पायांना काय उरणार? शंका चांगली आहे. आपण हिशेब करू. मेंदूचे वस्तुमान शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीत शरीर वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. ही शक्ती साधारण २० वॅट भरते, घरातल्या एखाद्या एलईडी नळीएवढी. ९० मिनिटे म्हणजे ५४०० सेकंद. २० × ५४०० = १,०८,००० ज्यूल, म्हणजे सुमारे २६ किलोकॅलरी. पण एवढी ऊर्जा माहितीपट पाहतानाही लागतेच. डोके लावून काम केल्याने मेंदूच्या एकूण खर्चात पडणारी भर फार तर काही टक्के असते. ५ टक्के धरली तर १.३ किलोकॅलरी. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दीड तासाच्या एकाग्रतेची जादा किंमत झाली एक तृतीयांश ग्रॅम साखर. चिमटीत मावेल एवढी. तेवढ्याने कोणाची शर्यत हरत नाही.

मग मेंदूत होते तरी काय? याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही, धागे मात्र हाती आले आहेत. एक धागा अ‍ॅडिनोसीन या द्रव्याचा. चेतापेशी काम करीत राहिल्या की त्यांच्या आसपास ते साठत जाते, आणि त्याचा परिणाम पेशींना मंद करण्याचा असतो. रात्री झोप येते त्यामागेही त्याचा हात आहे. दुसरा धागा २०२२ साली पॅरिसमध्ये मिळाला. तेथील संशोधकांनी काही जणांना दिवसभर अवघड बौद्धिक काम दिले, काहींना सोपे. मग चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे रुग्णालयातील एमआरआय यंत्र ज्या तत्त्वावर चालते त्याच तत्त्वाने, त्यांच्या मेंदूतील रसायने मोजली. अवघड काम केलेल्यांच्या मेंदूत, कपाळामागच्या भागाच्या बाहेरील बाजूस, ग्लुटामेट जास्त साठलेले आढळले. आणि ही माणसे दिवसाच्या अखेरीस कमी कष्टाचे, लगेच फळ देणारे पर्याय अधिक निवडू लागली होती. नको वाटणारी गोष्ट नेटाने करीत राहणे हे मेंदूच्या याच भागाचे काम. दहाव्या फेरीत पाय उचलायला लावतो तोही हाच.

सर्वच खेळांना याचा सारखा फटका बसत नाही. एकदाच, पूर्ण जोर लावून स्नायू आवळायचा असेल तर थकलेला मेंदूही जवळजवळ तितकाच जोर लावून देतो, असे प्रयोगांत दिसले आहे. गोळाफेक करणाऱ्याला म्हणून फारशी चिंता नको. चिंता आहे ती लांब पल्ल्याच्या धावपटूला, आणि जेथे क्षणाक्षणाला निर्णय घ्यावा लागतो त्या खेळाडूंना. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुटबॉलपटूंना आधी अर्धा तास डोके शिणवणारे काम दिले. मग थांबून-थांबून धावण्याच्या चाचणीत त्यांनी कापलेले अंतर सुमारे १५ टक्क्यांनी घटले. चेंडू सहकाऱ्याकडे देण्यातल्या चुकाही वाढल्या.

क्रिकेटचे उदाहरण तुम्हांला अधिक जवळचे वाटेल. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंतचे सुमारे १८ मीटर अंतर कापायला त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. थकलेल्या मेंदूने ०.०३ सेकंद उशीर केला, तर तेवढ्यात चेंडू सुमारे १.२ मीटर पुढे आलेला असतो. मग चेतेश्वर पुजारा यांनी २०१७ साली रांचीच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५२५ चेंडू खेळून २०२ धावा केल्या, त्या कशा? अकरा तासांहून अधिक वेळ ते खेळपट्टीवर होते. येथेही गणित करून पाहा. गोलंदाजाच्या शेवटच्या पावलांपासून फटका पुरा होईपर्यंत पाच सेकंद धरले, तर ५२५ × ५ = २६२५ सेकंद, म्हणजे ४४ मिनिटे! दुसऱ्या टोकाला उभे असताना धावेसाठी दक्ष राहावे लागते, तो वेळ यात धरलेला नाही. पण मुद्दा ध्यानात आला असेल. अकरा तास एकाग्र राहणे कोणालाच शक्य नाही. पाच सेकंद पूर्ण एकाग्र व्हायचे आणि मग ग्लोव्हज सारखे करीत, खेळपट्टी ठोकीत मेंदूला मोकळे सोडायचे, हे शक्य आहे. फलंदाज चेंडूगणिक करतात त्या बारीकसारीक क्रियांना आपण सवयी म्हणतो. त्यांची विश्रांती त्यांतच असते.

एक पट्टी आणि रंगीत पेन

हे सर्व तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरायला सांगा. खाली शून्याच्या खुणेशी तुमचा अंगठा आणि बोट, पट्टीला स्पर्श न करता. मित्राने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. पट्टी १५ सेंटिमीटर पडली, तर t = √(२d/g) या सूत्राने तुमचा प्रतिक्रियाकाल ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटर पडली तर ०.२०२ सेकंद. वर म्हटलेले ०.०३ सेकंद पट्टीवर हे असे पाच सेंटिमीटर दिसतात.

आता डोके थकवण्याचे साधन. एका कागदावर रंगांची नावे लिहा, पण शाई दुसऱ्याच रंगाची वापरा. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ हा लाल शाईने, अशी शे-दीडशे नावे. मग शब्द न वाचता शाईचा रंग भराभर म्हणत जा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली ही कसोटी प्रसिद्ध केली. पाच मिनिटांतच तुम्हांला तिची ताकद कळेल. अर्ध्या तासाने पुन्हा पट्टीकडे वळा, आणि दोन्ही वेळा निदान वीस-वीस वाचने घ्या. केवळ सरासरी पाहू नका. थकलेल्या मेंदूच्या सरासरीत पुष्कळदा फारसा फरक पडत नाही, पण मधूनच एखादी पट्टी हातातून पार निसटते. ती वाचने ‘चुकली’ म्हणून खोडू नका. शोधायचे आहे ते त्यांतच.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सगळे प्रयोग एकमुखाने बोलत नाहीत. २०२० साली काही संशोधकांनी आधीचे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा प्रत्येकात माणसे फार थोडी असून खरा परिणाम वाटतो त्याहून लहान असावा असे त्यांना दिसले. शिवाय दीड तास अक्षरे पाहून आलेल्या माणसाला आपण दमलो आहोत हे ठाऊकच असते, ते त्याच्यापासून लपविता येत नाही. आणि माझ्या धावपटूची एक शर्यत म्हणजे तर एकच वाचन. एका वाचनावर निष्कर्ष काढणाऱ्याचे जर्नल मी परत पाठवतो.

तरीही खेळाडूने काय करावे, हे बऱ्याच प्रमाणात सांगता येते. सर्वांत आधी झोप. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालवायला सांगितले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांची ठरावीक अंतराची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकताही सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे मात्र स्पर्धेच्या आदल्या रात्री एक वाजेपर्यंत अभ्यास करून पहाटेची गाडी पकडणारी मुले मी दर वर्षी पाहतो.

दुसरी गोष्ट मोबाइलची. उपदेश करतो आहे असे समजू नका. ब्राझीलमधील फुटबॉलपटूंवर प्रयोग झाला. सामन्याआधी १५ मिनिटे मोबाइल पाहिल्याने काही बिघडले नाही. ३० किंवा ४५ मिनिटे पाहिला तेव्हा चेंडू कोणाकडे द्यावा याचे त्यांचे निर्णय घसरले. बसमध्ये मान खाली घालून ‘विश्रांती’ घेणारा संघ विश्रांती घेत नसतो. प्रशिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. सामन्याच्या दहा मिनिटे आधी डावपेचांची पंधरा वाक्ये सांगू नयेत. ती आदल्या दिवशी सांगावीत, मैदानावर दोन पुरेत.

चहा-कॉफीचे काय? कॉफीतले कॅफीन अ‍ॅडिनोसीनची जागा अडवते. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे. पण अ‍ॅडिनोसीन गाडीतून उतरलेले नसते, ते उभ्याने प्रवास करीत असते. रुमाल उचलला की ते बसतेच. मोठ्या खेळाडूंना कॅफीनचा उपयोग होतो हे खरे, पण तुमच्या वयात त्यापायी रात्रीची झोप उडाली तर सौदा तोट्याचा.

आणि मेंदूलाही सरावाने काटक करता येते काय? २०१६ साली ऑस्ट्रेलियात व्यावसायिक सायकलपटू आणि हौशी सायकलपटू यांना वर सांगितलेली रंगांची कसोटी अर्धा तास दिली. त्यानंतर हौशी मंडळी मंदावली, व्यावसायिकांवर मात्र परिणाम दिसला नाही. हा गुण त्यांना जन्मतः मिळाला की वर्षानुवर्षांच्या कष्टांनी, हे त्या प्रयोगावरून ठरत नाही. मला स्वतःला दुसरी शक्यता अधिक वाटते. पण ते माझे मत झाले.

तुम्ही खेळत असाल तर एक वही करा. रोज चारच नोंदी. झोप किती तास, सराव किती, वेळ काय लागली, आणि बोर्ग यांच्या पट्टीवर कष्ट किती वाटले. तीच धाव, तीच वेळ, पण कष्टाचा आकडा १४ वरून १७ वर गेलेला दिसला, तर त्या दिवशी प्रशिक्षकांना वही दाखवा.

माझा धावपटू आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मी त्याला घरी बोलावले, माझे शब्द परत घेतले आणि या सर्व प्रयोगांबद्दल सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे फेरी खरंच लांब वाटते, सर?” दुसऱ्या आठवड्यात तो मैदानावर दिसला. त्याची वही मी पाहतो. जर्नल पुरे करण्यासाठी जागलेल्या एका रात्रीनंतर त्याने लिहिले आहे : झोप साडेपाच तास, फेरी ८४ सेकंद, कष्ट १७. यंदाही प्रात्यक्षिके आणि शर्यत एकाच दिवशी आली होती. तुकडी बदलून मिळावी म्हणून आम्ही तीन अर्ज केले, तेव्हा प्रात्यक्षिके मंगळवारी झाली. शर्यत गुरुवारी दुपारी चारला आहे. स्टॉपवॉचमध्ये मी नवी बॅटरी घातली आहे.